स्तनचित्रण : इतिहास व प्रकार

कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांच्या साहाय्याने स्तनाच्या अंतर्भागाचे चित्र मिळविण्याच्या पद्धतीला स्तनचित्रण म्हणतात. मॅमोग्राफी या नावाने ती सर्वत्र परिचित असून तीत मिळणाऱ्या चित्राला मॅमोग्राम असे म्हणतात. हाताला गाठ लागण्यापूर्वीच स्तनाचा कर्करोग ओळखता यावा, हे या पद्धतीचे मुख्य उद्दिष्ट होय. स्तनचित्रणाचे प्रकार दोन दृष्टींनी पाडले जातात. हेतूच्या दृष्टीने चाळणी स्तनचित्रण व निदानात्मक स्तनचित्रण असे दोन प्रकार आहेत. कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रियांची ठराविक कालांतराने केलेली तपासणी पहिल्या प्रकारात, तर गाठ, स्राव, वेदना, त्वचेतील बदल यांसारखे लक्षण आढळल्यावर अथवा चाळणीत शंका आल्यावर केलेली तपासणी दुसऱ्या प्रकारात मोडते. तंत्राच्या दृष्टीने फिल्मवरील, शुष्कलेखी, अंकीय, त्रिमितीय व आयोडीनयुक्त द्रव्याच्या साहाय्याने केलेले असे प्रकार कालक्रमाने उदयास आले.

हे दोन्ही वर्गीकरणक्रम परस्परांशी निगडित आहेत. आजारी स्त्रीच्या स्तनात काय आहे हे दाखविणारे चित्र उपयुक्त आहे, हे सहज मान्य होते. मात्र निरोगी स्त्रीला क्ष-किरणांसमोर उभे करावयाचे झाल्यास चित्र स्पष्ट आहे एवढे दाखवून भागत नाही. त्यामुळे प्राण वाचतात व होणारा अपाय त्याहून कमी आहे, हे सिद्ध करावे लागते. स्तनचित्रणाचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास म्हणजे या दोन कसोट्यांचा इतिहास आहे.

मूलतत्त्व : स्तनामध्ये दूध निर्माण करणाऱ्या खंडिका, दुग्धनलिका, त्यांना आधार देणारे तंतुमय ऊतक आणि वसा हे मुख्य घटक असतात. वसेतून क्ष-किरण सहज पार होतात व चित्रात ती काळसर दिसते. ग्रंथिल व तंतुमय ऊतके किरण अधिक शोषतात व पांढरट दिसतात. कर्करोगाची गाठही पांढरीच दिसते. हाड व मांस यांच्या शोषणशक्तीत जेवढा फरक असतो, त्या मानाने स्तनातील निरोगी ग्रंथिल ऊतक व कर्करोग यांतील फरक अत्यल्प असतो. छातीच्या चित्रणास वापरले जाणारे अधिक ऊर्जेचे किरण स्तनातून जवळजवळ सारख्याच प्रमाणात पार होतात व हा सूक्ष्म फरक पुसला जातो. यामुळे स्तनासाठी कमी व्होल्टतेवर निर्माण केलेले ‘मृदू’ क्ष-किरण आवश्यक ठरतात. चित्रात प्रामुख्याने चार गोष्टींचा शोध घेतला जातो : गाठ, कॅल्शियमयुक्त सूक्ष्म कण, ऊतकांच्या नेहमीच्या रचनेतील विपर्यास आणि दोन स्तनांमधील विषमता. कडा अनियमित किंवा काटेरी असलेली गाठ आणि पुंजक्याने आढळणारे वेगवेगळ्या आकारांचे सूक्ष्म कण ही कर्करोगाची संशयास्पद चिन्हे मानली जातात. असे कण मिलिमीटरच्या काही दशांशाइतके लहान असू शकतात.

आरंभ : व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये जर्मनीतील वुर्ट्‌सबुर्ख येथे क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर लवकरच हाडे व फुप्फुसे यांच्या तपासणीसाठी हे किरण वापरात आले. स्तनाचा पहिला पद्धतशीर क्ष-किरण अभ्यास बर्लिन येथील शस्त्रक्रियाविशारद आल्बेर्ट झालोमोन यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी शस्त्रक्रियेने काढून टाकलेल्या सु. ३,००० स्तनांची क्ष-किरण चित्रे घेतली व ती प्रत्यक्ष विच्छेदनात व सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या विकृतीशी ताडून पाहिली. कर्करोगाचा काखेतील लसीका ग्रंथींकडे होणारा प्रसार चित्रांवरून समजू शकतो आणि पसरणाऱ्या व मर्यादित राहणाऱ्या गाठींच्या प्रतिमा भिन्न असतात, हे त्यांनी दाखविले. चित्रांतील काही बारीक ठिपक्यांचीही त्यांनी नोंद केली. पुढे हे ठिपके कॅल्सीभवनाचे असल्याचे ओळखले गेले व त्यांना निदानात मोठे महत्त्व प्राप्त झाले. झालोमोन यांचा अभ्यास छेदून काढलेल्या स्तनांपुरता मर्यादित होता. जिवंत रुग्णांमध्ये या पद्धतीचा वापर त्यांनी केला नाही. ते ज्यू असल्याने नाझी राजवटीत त्यांचे विद्यापीठातील काम संपुष्टात आले. १९३८ मध्ये त्यांना झाक्सेनहाउझेन येथील छळछावणीत डांबण्यात आले व सुटकेनंतर १९३९ मध्ये ते नेदर्लंड्समध्ये गेले. महायुद्धातून ते वाचले. परंतु त्यांची कन्या, चित्रकर्ती शार्लोटे झालोमोन, हिचा १९४३ मध्ये आउश्‌व्हिट्‌स येथे अंत झाला.

जिवंत रुग्णांचे चित्रण करण्याचे प्रयत्न १९२० नंतरच्या दशकात जर्मनीमध्ये सुरू झाले. लाइपसिक येथील ओटो क्लाइनश्मिट यांनी १९२७ मध्ये या पद्धतीचे वर्णन केले. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे स्टॅफर्ड वॉरन यांनी १९३० मध्ये ११९ स्त्रियांच्या शस्त्रक्रियापूर्व चित्रणाचा अहवाल प्रसिद्ध केला. रुग्णेस कुशीवर झोपवून व हात वर घेऊन ते किंचित वेगळ्या कोनांतून दोन चित्रे घेत आणि ती घनदर्शकातून पाहत. त्यांचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते. तथापि इतर ठिकाणी तशी चित्रे मिळेनात. एकाच स्त्रीची दोन वेळा घेतलेली चित्रेही जुळत नसत. परिणामी पुढील सु. वीस वर्षे ही पद्धत मागे पडली. याच वॉरन यांनी पुढे अणुबाँब निर्मितीच्या मॅनहॅटन प्रकल्पात वैद्यकीय विभागाचे प्रमुखपद सांभाळले.

तंत्राची सुधारणा : मागे पडलेल्या या पद्धतीला नवे वळण उरुग्वायमधील माँटेव्हिडिओ येथील राउल लेबोर्न यांनी दिले. स्तन दाबून सपाट केल्यास त्याची जाडी सर्वत्र सारखी होते, ऊतके एकमेकांपासून अलग पसरतात, स्तन हलत नाही व किरणांचे विखुरणे कमी होते, हे त्यांनी दाखवून दिले. हे संपीडन आजही प्रत्येक स्तनचित्रणाचा अपरिहार्य भाग आहे. तपासणीच्या वेळी स्त्रियांना जाणवणाऱ्या अस्वस्थतेचे कारणही तेच होय. परंतु दाब काही सेकंदच असतो व त्यामुळे चित्र सुस्पष्ट होऊन प्रारणाची मात्राही घटते. लेबोर्न यांनी १९५१ मध्ये कर्करोगातील मिठाच्या बारीक दाण्यांप्रमाणे दिसणाऱ्या कॅल्शियमच्या कणांचे वर्णन केले. त्यांच्या रुग्णांपैकी सु. ३० टक्के कर्करोगांत असे कण आढळले होते. हाताला न लागणाऱ्या कर्करोगाची खूण यामुळे प्रथमच उपलब्ध झाली. याच सुमारास फिलाडेल्फियामध्ये जेकब गेरशॉन-कोहेन हे निरोगी व रोगी स्तनांची चित्रे विकृतिवैज्ञानिक नमुन्यांशी ताडून पाहत होते. तक्रार नसलेल्या स्त्रियांची नियमित चित्रे घ्यावीत, ही कल्पना त्यांनी आग्रहाने मांडली व १९५० नंतरच्या दशकात ती प्रत्यक्षात करून पाहिली.

तंत्र कोणालाही शिकता यावे व सर्वत्र सारखे फळ मिळावे, ही उणीव रॉबर्ट ईगन यांनी भरून काढली. टेक्सस राज्यातील ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन रुग्णालयात त्यांनी १९५६ पासून प्रयोग केले. कमी व्होल्टता, अधिक विद्युत् प्रवाह व दीर्घ उद्‌भासन आणि धातूंच्या तपासणीसाठी कारखान्यांत वापरली जाणारी सूक्ष्मकणी फिल्म यांचा त्यांनी मेळ घातला. १,००० तपासण्यांवर आधारलेला त्यांचा अहवाल १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर २४ संस्थांनी मिळून ईगन यांचे तंत्र शिकता येते काय, याची चाचणी केली व १९६५ मध्ये तिचा निष्कर्ष अनुकूल आला. मात्र या तंत्रात प्रारणाची मात्रा मोठी होती, ही गोष्ट पुढे वादाचे कारण ठरली.

तोपर्यंत स्तनचित्रणासाठी सर्वसाधारण क्ष-किरण यंत्रेच वापरली जात. केवळ स्तनासाठी बनविलेले पहिले यंत्र फ्रान्समध्ये तयार झाले. स्ट्रॅस्बर्ग येथील शार्ल ग्रो यांनी क्ष-किरण नलिकेच्या धनाग्रासाठी टंगस्टनऐवजी मॉलिब्डेनम ही धातू वापरली. तिच्यापासून सु. १७·५ व १९·६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे किरण विशेषत्वाने मिळतात व ते स्तनातील सूक्ष्म फरक दाखविण्यास अनुरूप असतात. संपीडनाची सोय असलेले ‘सेनोग्राफ’ हे यंत्र १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आले. यंत्र वेगळे झाल्याने स्तनचित्रण ही क्ष-किरणविज्ञानाची वेगळी शाखा बनली.

शुष्कलेखी स्तनचित्रण : कागदपत्रांच्या नकला काढण्यासाठी चेस्टर कार्लसन यांनी १९३८ मध्ये शोधलेल्या शुष्कलेखन प्रक्रियेचा उपयोग स्तनचित्रणासाठीही करण्यात आला. यात सिलिनियमाच्या लेपाच्या पट्टीवर विद्युत् भार दिला जातो. स्तनातून पार झालेले किरण पट्टीवर पडून भार कमीअधिक प्रमाणात नाहीसा होतो व उरलेल्या भाराच्या आकृतीवर निळी भुकटी चिकटून कागदावर चित्र उमटते. डिट्रॉइट येथील जॉन वुल्फ यांनी या पद्धतीचा पुरस्कार केला व १९७१ मध्ये तिची व्यापारी यंत्रणा उपलब्ध झाली. या चित्रांत वस्तूंच्या कडा उठून दिसत आणि ती साध्या प्रकाशात वाचता येत, त्यामुळे डॉक्टरांत ती लोकप्रिय झाली. तथापि नंतर आलेल्या पडदा-फिल्म पद्धतीपेक्षा तीत प्रारण अधिक लागे. १९८० नंतरच्या दशकात तिचा वापर घटत जाऊन ती अस्तंगत झाली. वुल्फ यांचे दुसरे कार्य मात्र टिकून राहिले. स्तनातील ग्रंथिल व तंतुमय भाग जितका जास्त, तितकी कर्करोगाची शक्यता अधिक, असा संबंध त्यांनी १९७६ मध्ये दाखविला. स्तनाच्या घनतेविषयीच्या नंतरच्या संशोधनाचा तो प्रारंभ ठरला.

पडदा-फिल्म स्तनचित्रण : क्ष-किरणांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करणारा अनुस्फुरक पडदा फिल्मला लावल्यास फारच थोड्या किरणांत चित्र मिळते; परंतु प्रकाश पसरल्याने ते अस्पष्ट होण्याची भीती असते. एका बाजूलाच पायस असलेली फिल्म व एकच पडदा निर्वात वेष्टनात घट्ट चिकटवून ही अडचण १९७२ मध्ये दूर करण्यात आली. पुढे विरल मृत्तिकांचे पडदे वापरात आले व विखुरलेले किरण अडविणाऱ्या हलत्या जाळीची जोड मिळाली. ईगन यांच्या पद्धतीच्या मानाने प्रारणाची मात्रा कित्येक पटींनी उतरली. निरोगी स्त्रियांची वारंवार तपासणी करणे यामुळेच समर्थनीय ठरू शकले. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हीच पद्धती प्रमाणभूत होती.

चाळणीची कसोटी : लवकर निदान झालेल्या रुग्ण निदानानंतर अधिक वर्षे जगतात, एवढ्यावरून चाळणीचा उपयोग सिद्ध होत नाही. उदाहरणार्थ, एखाद्या स्त्रीला ५५ व्या वर्षी गाठ लागली व ६० व्या वर्षी मृत्यू आला, तर निदानानंतरचे आयुष्य ५ वर्षे होते. तीच गाठ चित्रणाने ५२ व्या वर्षी सापडली व मृत्यू ६० व्या वर्षीच आला, तर ते ८ वर्षे भरते. पण आयुष्य एका दिवसानेही वाढलेले नसते. शिवाय मंद वाढणारे कर्करोग दीर्घकाळ सुप्त राहत असल्याने ते चाळणीत अधिक सापडतात, तर वेगाने वाढणारे दोन तपासण्यांच्या मधल्या काळात लक्षणांनी प्रकट होतात. या भ्रमांतून सुटण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे स्त्रियांचे यदृच्छया दोन गट पाडून एकाच गटाला तपासणीसाठी बोलाविणे व दोन्ही गटांतील स्तनकर्करोगाच्या मृत्यूंची तुलना करणे.

असा पहिला प्रयोग न्यूयॉर्कमधील एका आरोग्यविमा योजनेत डिसेंबर १९६३ मध्ये सुरू झाला. सॅम शपायरो, फिलिप स्ट्रॅक्स व लुइस व्हेनेट हे त्याचे प्रमुख होते. ४० ते ६४ वर्षे वयाच्या सु. ६२,००० स्त्रियांपैकी निम्म्या स्त्रियांना दरवर्षी स्तनचित्रण व डॉक्टरांकडून शारीरिक तपासणी यांसाठी निमंत्रण देण्यात आले. निमंत्रितांपैकी सु. एक-तृतीयांश स्त्रिया आल्याच नाहीत. तरीही त्यांची गणना निमंत्रित गटातच करण्यात आली, अन्यथा तुलना निष्पक्ष राहिली नसती. प्रारंभीच्या वर्षांत निमंत्रित गटातील स्तनकर्करोगाचे मृत्यू सु. एक-तृतीयांशाने कमी आढळले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांना मात्र सुरुवातीला स्पष्ट लाभ दिसून आला नाही. पन्नाशीपूर्वी तपासणी करावी की नाही, हा वाद येथून सुरू झाला.

या निष्कर्षाने प्रेरित होऊन अमेरिकन कॅन्सर सोसायटी व राष्ट्रीय कर्करोग संस्था यांनी १९७३ मध्ये देशभर प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. त्यात २,८०,००० हून अधिक स्त्रियांची तपासणी झाली. १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी स्वतःचा स्तनकर्करोग व शस्त्रक्रिया यांविषयी जाहीरपणे सांगितले. तोपर्यंत कुजबुजीत बोलला जाणारा हा रोग वृत्तपत्रांत चर्चिला जाऊ लागला व तपासणीसाठी स्त्रियांची गर्दी वाढली. याच काळात, १९७६ मध्ये, राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील जॉन बेलर यांनी एक गंभीर शंका उपस्थित केली. क्ष-किरण स्वतःच कर्करोग उत्पन्न करू शकतात. तरुण वयापासून वारंवार चित्रण केल्यास वाचणाऱ्या प्राणांपेक्षा गमावलेले प्राण अधिक होणार नाहीत कशावरून, असा त्यांचा प्रश्न होता. शिवाय प्रकल्पात कर्करोग म्हणून निदान झालेल्या काही अतिलहान गाठी पुनर्परीक्षणात कर्करोगी नसल्याचे दिसून आले. १९७७ मध्ये पन्नाशीच्या आतील स्त्रियांच्या सरसकट चित्रणावर मर्यादा घालण्याची शिफारस झाली. बेलर यांच्या टीकेचा दूरगामी परिणाम असा झाला की, प्रारणमात्रा मोजणे व कमी ठेवणे हे स्तनचित्रणाचे अंग बनले. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने यंत्रे, तंत्रज्ञ व वाचन यांचा दर्जा ठरवून देण्यात आला व एका चित्रासाठी ३ मिलिग्रे ही मात्रेची कमाल मर्यादा पाळली जाऊ लागली.

स्वीडनमध्ये लास्लो टाबार व त्यांचे सहकारी यांनी १९७७ मध्ये दोन प्रांतांतील ४० ते ७४ वर्षे वयाच्या सु. १,३३,००० स्त्रियांचा प्रयोग हाती घेतला. येथे शारीरिक तपासणी नव्हती. प्रत्येक स्तनाचे तिरप्या दिशेने घेतलेले एकच चित्र दोन ते तीन वर्षांच्या अंतराने पाहिले जाई. १९८५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार निमंत्रित गटात स्तनकर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. पॅट्रिक फॉरेस्ट यांच्या समितीने हा पुरावा तपासून केलेल्या शिफारशीवरून ब्रिटनमध्ये १९८८ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्रथम ५० ते ६४ वर्षे वयाच्या स्त्रियांना दर तीन वर्षांनी बोलाविले जाई. पुढे वयोमर्यादा सत्तरीपर्यंत वाढविण्यात आली. याउलट कॅनडात १९८० मध्ये सुरू झालेल्या व ४० ते ५९ वर्षे वयाच्या सु. ९०,००० स्त्रियांचा समावेश असलेल्या प्रयोगात, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २५ वर्षांच्या अहवालानुसार, चित्रणामुळे मृत्यू कमी झाल्याचे आढळले नाही. तेथील चित्रांचा दर्जा व गट पाडण्याची रीत यांवर आक्षेप घेतले गेले आहेत. दुसऱ्या बाजूने, उत्तम शारीरिक तपासणी व उपचार उपलब्ध असल्यास चित्रणाचा वाढीव लाभ थोडाच उरतो, असे प्रतिपादन केले जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सर्व पुराव्याचा आढावा घेऊन ५० ते ६९ वर्षे वयोगटात मृत्यू कमी होतात याला पुरेसा आधार आहे, तर चाळिशीतील स्त्रियांबाबत तो मर्यादित आहे, असा निर्वाळा दिला.

हेतूनुसार प्रकार : चाळणी स्तनचित्रणात प्रत्येक स्तनाची दोन चित्रे घेतात : एक वरून खाली व दुसरे तिरप्या दिशेने. तिरप्या चित्रात काखेकडील भाग व छातीचा स्नायूही येतो. या चार चित्रांसाठी प्रत्येक स्तनाला मिळणारी प्रारणमात्रा सामान्यतः सु. ३ ते ४ मिलिग्रे असते. ब्रिटन व इतर अनेक यूरोपीय देशांत दोन वाचक चित्रे स्वतंत्रपणे तपासतात. निदानात्मक स्तनचित्रणात क्ष-किरणविज्ञ प्रश्नानुरूप जादा चित्रे मागवितो. संशयित जागेवरच दाब देऊन घेतलेले चित्र खरी गाठ व ऊतकांची केवळ आच्छादित छाया यांतील भेद दाखविते. अतिसूक्ष्म केंद्र असलेल्या नलिकेने घेतलेल्या विशालित चित्रात कणांचे आकार कळतात. स्तनाग्रातून स्राव होत असल्यास दुग्धनलिकेत क्ष-किरणांना अपार्य असे द्रव्य घालून नलिकाचित्रण करता येते. कृत्रिम रोपण केलेल्या स्तनांसाठी रोपण मागे सारून चित्र घेण्याची रीत १९८८ मध्ये वर्णन करण्यात आली. हाताला न लागणाऱ्या विकृतीपर्यंत सुई नेऊन जीवोतक परीक्षा करण्यासाठी दोन कोनांतील चित्रांवरून स्थान ठरविण्याचे तंत्र १९७० नंतरच्या दशकात स्वीडनमध्ये विकसित झाले. स्तनचित्राने शंका येते. कर्करोगाचे निश्चित निदान जीवोतक परीक्षेनेच होते. पुरुषांतील गाठींसाठीही निदानात्मक चित्रण केले जाते.

वाचकांच्या अहवालांत एकवाक्यता यावी म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी या संस्थेने १९९३ मध्ये ‘बाय-रॅड्स’ ही श्रेणीपद्धती प्रसृत केली. तीत ० म्हणजे तपासणी अपुरी, १ म्हणजे दोषरहित, २ म्हणजे निरुपद्रवी बदल, ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी व अल्पकाळाने पुनर्तपासणी आवश्यक, ४ म्हणजे संशयास्पद, ५ म्हणजे कर्करोगाची दाट शक्यता व ६ म्हणजे आधीच सिद्ध झालेला कर्करोग असे अर्थ आहेत. ० या श्रेणीचा अर्थ अनेकदा चुकीचा घेतला जातो. तीत रोगाविषयी कोणताच निर्णय दिलेला नसतो, केवळ अधिक चित्रांची गरज सांगितलेली असते.

अंकीय व त्रिमितीय स्तनचित्रण : फिल्मऐवजी इलेक्ट्रॉनीय अभिज्ञातक वापरून चित्र अंकांच्या रूपात साठविणाऱ्या पहिल्या यंत्राला अमेरिकेत जानेवारी २००० मध्ये मान्यता मिळाली. काही अभिज्ञातकांत सीझियम आयोडाइडाच्या थरात किरणांचा प्रकाश होऊन मग विद्युत् संकेत बनतो. इतरांत सिलिनियमाचा थर किरणांचे थेट विद्युत् भारात रूपांतर करतो. शुष्कलेखनात मागे पडलेली ही धातुसदृश सामग्री अशा रीतीने पुन्हा उपयोगात आली. अंकीय चित्राची तीव्रता बदलता येते, ते दूरच्या तज्ञाकडे पाठविता येते व जुन्या चित्राशी ताडता येते. एटा पिझानो यांच्या नेतृत्वाखाली अमेरिका व कॅनडा येथे ४९,५२८ स्त्रियांची दोन्ही पद्धतींनी तपासणी झाली. २००५ मधील निष्कर्षानुसार एकंदरीत दोन्ही पद्धती सारख्याच ठरल्या. पण पन्नाशीच्या आतील, घन स्तन असलेल्या आणि ऋतुनिवृत्ती न झालेल्या वा होऊ घातलेल्या स्त्रियांत अंकीय चित्रण अधिक अचूक होते.

साध्या चित्रात स्तनाच्या सर्व थरांच्या छाया एकावर एक पडतात. टोमोसिंथेसिस अथवा त्रिमितीय स्तनचित्रणात क्ष-किरण नलिका सु. १५ ते ५० अंशांच्या कमानीतून फिरत अनेक अल्पमात्रा चित्रे घेते व संगणक त्यांवरून सु. १ मिमी. अंतरावरील थरांच्या प्रतिमा रचतो. अमेरिकेत या पद्धतीला २०११ मध्ये मान्यता मिळाली. तिच्यामुळे अधिक कर्करोग सापडतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. सुरुवातीला तिच्याबरोबर साधे चित्रही घेतले जाई व मात्रा जवळजवळ दुप्पट होई. थरांवरूनच साधे चित्र रचण्याची सोय झाल्यावर हा दोष कमी झाला. आयोडीनयुक्त द्रव्य शिरेत टोचून दोन भिन्न ऊर्जांच्या किरणांनी चित्रे घेण्याची पद्धतीही २०११ पासून वापरात आहे. कर्करोगाकडे रक्तपुरवठा जास्त असल्याने तेथे आयोडीन साचते व दोन चित्रांच्या वजाबाकीत ती जागा उजळ दिसते. स्वीडनमध्ये ८०,००० हून अधिक स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात संगणकीय कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने चित्रे वाचली असता वाचकांचे काम सु. ४४ टक्क्यांनी कमी झाले व कर्करोग सापडण्याचे प्रमाण घटले नाही, असे २०२३ मध्ये जाहीर झाले. श्राव्यातीत ध्वनिचित्रण व चुंबकीय अनुस्पंदन चित्रण हे स्तनचित्रणाचे प्रकार नसून त्याला पूरक पद्धती होत.

मर्यादा : घन स्तनांत पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरी गाठ दिसत नाही. त्यामुळे दोषरहित अहवाल आला तरी हाताला लागणाऱ्या गाठीची उपेक्षा करू नये, हा नियम सर्वमान्य आहे. अमेरिकेत सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक स्त्रीला तिच्या स्तनांच्या घनतेची माहिती देणे बंधनकारक झाले. दुसरी मर्यादा म्हणजे कर्करोग नसता शंका येऊन पुन्हा बोलावणे, जीवोतक परीक्षा व त्यांपायी होणारा मनस्ताप. तिसरी व सर्वांत अवघड मर्यादा अतिनिदानाची होय. दुग्धनलिकांच्या आतच राहिलेले व इतर काही मंद कर्करोग आयुष्यात कधीच त्रास देत नाहीत. परंतु सापडल्यावर ते कोणते हे सांगता येत नसल्याने सर्वांवरच उपचार होतात. ब्रिटनमधील मायकेल मार्मट यांच्या स्वतंत्र समितीने २०१२ मध्ये असा अंदाज दिला की, पन्नाशीपासून वीस वर्षे १०,००० स्त्रियांना निमंत्रण दिल्यास ४३ मृत्यू टळतात व १२९ स्त्रियांना अतिनिदानाला सामोरे जावे लागते. हे दोन्ही आकडे स्त्रीला सांगून निर्णय तिच्यावर सोपवावा, असा विचार त्यानंतर रूढ झाला. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २००९ मध्ये पन्नाशीपासून, तर २०२४ मध्ये चाळिशीपासून चौऱ्याहत्तरीपर्यंत दर दोन वर्षांनी तपासणीची शिफारस केली. त्याच प्रश्नाला दिलेल्या या भिन्न उत्तरांवरून वाद अद्याप मिटलेला नाही हे स्पष्ट होते.

भारतातील स्थिती : भारतीय स्त्रियांत स्तनाचा कर्करोग हा सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार देशात वर्षभरात सु. १,९२,००० नवे रुग्ण व सु. ९८,००० मृत्यू झाले. भारतीय रुग्णांचे सरासरी वय पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा कमी असते. याचे एक कारण लोकसंख्येतच तरुणांचे प्रमाण अधिक आहे हे होय. तरुण स्तन अधिक घन असल्याने चित्रणाची अचूकता कमी होते. यंत्रे व प्रशिक्षित वाचक यांची उणीव ही दुसरी अडचण होय. या परिस्थितीत यंत्राविना चाळणी शक्य आहे काय, हे पाहण्यासाठी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये एक प्रयोग सुरू केला. इंद्रनील मित्र, गौरवी मिश्र व त्यांचे सहकारी यांनी मुंबईतील झोपडपट्ट्यांत राहणाऱ्या ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचे दोन गट पाडले. एका गटातील स्त्रियांच्या स्तनांची तपासणी, प्रशिक्षण दिलेल्या स्त्री आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी अशी चार वेळा केवळ हाताने केली. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वा चौथ्या अवस्थेत निदान झालेल्या रुग्णांचे प्रमाण तुलनेच्या गटात ४७ टक्के, तर तपासणीच्या गटात ३७ टक्के होते. सर्व वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंतील १५ टक्के घट संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हती. परंतु पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मृत्यू सु. ३० टक्क्यांनी घटले व ही घट निर्णायक होती. पन्नाशीच्या आत असा लाभ दिसला नाही. भारत सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी अशा शारीरिक तपासणीचीच तरतूद आहे. तीत शंका आल्यास पुढे निदानात्मक तपासण्या होतात.

न्यूयॉर्कच्या प्रयोगात चित्रण व शारीरिक तपासणी एकत्र होती, स्वीडनमध्ये केवळ चित्रण होते आणि मुंबईत केवळ हाताची तपासणी होती. तिन्ही ठिकाणी पन्नाशीनंतरच्या स्त्रियांना लाभ झाला. रोग किती लहान असताना दिसतो याइतकेच, तो आढळलेल्या स्त्रीला वेळेवर निश्चित निदान व पुरेसे उपचार मिळतात की नाही, यावरही चाळणीचे फळ अवलंबून असते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१४ मध्ये, साधने मर्यादित व आरोग्ययंत्रणा दुर्बल असलेल्या देशांनी सरसकट स्तनचित्रणाऐवजी लक्षणे असलेल्या स्त्रियांचे त्वरित निदान व उपचार यांना अग्रक्रम द्यावा, असे मत व्यक्त केले. अशा देशांत निदानात्मक स्तनचित्रणाची सोय स्त्रियांच्या आवाक्यात आणणे, हे चाळणीच्या आधीचे काम ठरते.